अर्ध्याहून कमी

जानोरीच्या शिवारात, एकोणिसाव्या ओळीच्या टोकाला
दोन मीटर उंचीवर तीन वाट्या फिरतात.
त्याच खांबावर, दहा मीटरवर, आणखी तीन.
दर दहा मिनिटांनी दोन आकडे
कॉलेज रोडवरच्या माझ्या खोलीत येऊन पडतात.

वरचा वारा शहाणा.
डावीकडून चढतो, उतरतो, उजवीकडे लांब शेपूट सोडतो,
वायबुलच्या वक्रात बसतो
जूनमध्ये नव्या गणवेशात मूल बसतं तसा, थोडा सैल.

खालचा बसत नाही.
त्याला ओलांडायच्या असतात तारा, बांबू, पानं,
ट्रॅक्टरची चाकोरी, कुणी वाळत घातलेलं गोणपाट.
एप्रिलात खरड छाटणी झाली की तो एकाएकी धीट होतो
आणि मी बागेचा खडबडीतपणा
अकरा सेंटिमीटरवरून चारवर आणते.

पण खरी पंचाईत शून्यांची.
डिसेंबरात रात्री दोन ते सहा
शून्य. शून्य. शून्य.
सदतीस टक्के शून्यं,
आणि शून्याचा लॉग निघत नाही.
भालेकर सर म्हणाले, गाळून टाक,
नाहीतर त्या जागी चिमूटभर काहीतरी घाल.
चिमूटभर. आमटी आहे का ही?

शुक्रवारी मुक्कामाला गेले.
दगूभाऊ गांगुर्डे, खांबाचे राखणदार
(खांब कोण नेतंय? बॅटरी नेतात, ताई),
कानटोपी, पायाशी विझलेली शेकोटी.
साडेतीन वाजले. वाट्या थिजलेल्या.
बघा, म्हटलं, शून्य.

ते काही बोलले नाहीत. बिडी पेटवली.
धूर वर गेला नाही.
गुडघ्याएवढ्या उंचीवर आडवा झाला
आणि दोन ओळींच्या मधून, उताराने,
पाटाला पाणी सोडावं तसा
ओहोळाकडे निघाला.

"हा रोज जातो," दगूभाऊ म्हणाले.
"याच्यामागनं गारठा जातो. खालच्या चार ओळी
दरसाल ह्योच जाळतो.
तुमच्या वाट्या जड हायेत."

माहितीपुस्तिकेत होतं की ते,
पान चार, बारीक अक्षरात:
सेकंदाला अर्ध्या मीटरहून कमी वाऱ्यात हे यंत्र फिरत नाही.
दोन वर्षं ती पुस्तिका माझ्या चहाच्या कपाखाली होती.

परतल्यावर एकही शून्य गाळलं नाही.
प्रत्येकापुढे लिहिलं: अर्ध्याहून कमी.
किती, ते माहीत नाही.
सूत्रात त्यालाही जागा असते,
एवढ्याच न कळण्याची, बेताची.
वक्राने डावा खांदा उचलला,
शेपूट थोडी आवरली की लांबली
हे मी अजून तपासतेय.

भालेकर सर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.
मग म्हणाले, ठीक आहे,
पण याला संदर्भ काय देणार?

ती तळटीप अजून कोरी आहे.
स्वेटर मात्र मी धुवायला टाकलेला नाही.