अठ्ठेचाळीस पानं

उद्यमनगरात, लेथच्या आवाजात, आमचा छापखाना.
लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे अहवाल,
आणि दर मार्चला मिरजकर सरांचं पुस्तक.
मुक्त विनिमय अभ्यास केंद्र, नागाळा पार्क:
चष्म्याच्या दुकानावरचा मजला,
चार खुर्च्या, पाण्याचा फिल्टर, भिंतीवर आलेख.
प्रुफं मी वाचते.

त्या वर्षी विषय होता गुळाचा बाजार.
सर स्वतः आले, हेल्मेट हातात, पेनड्राइव्ह खिशात.
म्हणाले, नलिनीताई, हे मंत्रालयात जाणार,
काना-मात्रा सांभाळा.
माणूस सरळ. उधारी कधी ठेवली नाही.

मी वाचत गेले.
सौदे रुमालाखाली कसे होतात,
अडत्याचा हात, व्यापाऱ्याचा हात,
बोटं दाबून ठरलेला भाव
ज्याचा रवा त्याला सगळ्यात शेवटी कळतो.
पान बावीस: रुमाल काढा.
पटलं मला. माझं माहेर वडणग्याचं, दादाचं गुऱ्हाळ,
तो रुमाल मी लहानपणी पाहिलाय,
वाटायचं, आत काहीतरी जिवंत आहे.
पुढे लिहिलं होतं, बाजाराचा हात अदृश्य असतो
आणि तोच खरा न्याय करतो.
समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं.
मग खोडलं.
प्रुफं वाचणारीनं अर्थ तपासायचा नसतो.

एकोणपन्नासाव्या पानावर सात ओळी सांडल्या.
फॉर्म सोळाचा. अठ्ठेचाळीसला बांधणी नीट बसते,
एक पान वाढलं की कागद वाया.
फोन केला. सर, सात ओळी जास्त होतायत.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
म्हणाले, शेवटचा परिच्छेद काढा,
तो आपला जाता जाता लिहिलाय.

जाता जाता असं होतं:
तोलाईदार आणि हमालांना तीन वर्षांची मुदत द्यावी,
तोवर दुसरं काम शोधून द्यावं.
काढला.
डिलीटचं बटण इतर बटणांपेक्षा कडक नसतं.

दोन वर्षांनी बाजार समितीचा माणूस आला,
शासन निर्णयाच्या दोनशे प्रती हव्या होत्या.
वाचायला घेतला आणि कानशिलं तापली.
वाक्यं तीच. स्वल्पविराम तेच.
तिसऱ्या कलमात 'बाजार पेठ',
मधे मोकळी जागा,
माझ्याच नजरेतून निसटलेली,
मंत्रालयाचे जिने चढून
सही-शिक्क्यानिशी माहेरी परत आलेली.
शेवटचं पान उलटून पाहिलं. दोनदा पाहिलं.
जे छापलंच नाही ते तिथं कोण वाचणार होतं?

दादाचा फोन आला, क्विंटलमागं दीडशे जास्त मिळाले,
राजकोटचा व्यापारी थेट गुऱ्हाळावर.
मला आनंद झाला. खरंच झाला.

त्याच आठवड्यात भूपाल मगदूम,
बत्तीस वर्षं काट्यावर उभा राहिलेला माणूस,
थोरलीची लग्नपत्रिका घेऊन आला.
जुना नमुना पुढं केला, म्हणाला,
ह्यातलं नावाफुडचं 'तोलाईदार' तेवढं काढा.
मी म्हटलं, मामा, राहू दे की, शोभतं.
त्यानं चष्मा पुसला.
बाजार मोकळा झाला न्हवं, ताई.
मीबी मोकळाच हाय आता.
हसला. मीही हसले, सवयीनं.
आणि तेच बटण दाबलं.

यंदा सर पाण्यावर लिहितायत.
पुस्तक एकावन्न पानांवर गेलंय.
फोनवर म्हणाले, तीन पानं कापू या, ताई, नेहमीसारखं.
मी म्हटलं, चौसष्ट करू सर,
तेरा कोरी राहिली तर राहू देत.
आणि वाढीव खर्च?
मी टेबलाखाली हात नेला,
बोटं मिटली, उघडली,
पगारातून किती जातील ते मोजलं.
भाव सांगितला नाही.