साडेदहाचं चित्र

दिल्लीची समिती रविभवनात उतरलीय.
माझ्यासमोर माइक. माझ्याआधी तोच खाकरतो.
नाव कुमुद थाओकर, सेवेची एकतीस वर्षं,
काम: वरून आलेली चित्रं वाचणं.
खर्चाचा तक्ता आणायला सांगितला होता, तो आणलाय.

"जमीन बघायला सरकारने उपग्रह कशाला पोसायचे?" एक सदस्य.
"कंपन्या रांगेत उभ्या आहेत. आपण चित्रं विकत घेऊ,
लागतील तेवढी, लागतील तेव्हा."
दुसरे म्हणतात, "म्हणजे उद्या आपल्याच शिवाराचा फोटो
आपणच दुकानातून आणायचा."
तिसरे चष्मा पुसतात. त्यांना दोघांचंही पटतं.
मग अध्यक्ष माझ्याकडे वळून, अगदी सौम्यपणे:
"बाई, एका चित्रामागे गिऱ्हाइकं किती?"

गिऱ्हाइकं.

मला आठवतो रेवाराम उके, आमच्या जीपचा ड्रायव्हर.
चित्रातलं जमिनीवर खरं आहे का, ते पाहायला हिंडायचो आम्ही.
भिवापूरच्या सातऱ्यावर मिरची पसरलेली, नजर पोचेल तिथवर लाल,
बाया तोंडाला पदर बांधून मुक्के तोडत, शिंकत, हसत.
मी बॉनेटवर कागद उलगडला. हा बघ सातरा, इथं पिवळट.
आणि हा लालभडक डाग म्हणजे पलीकडची तूर. हिरवीगार.
रेवाराम बराच वेळ पाहत राहिला.
"म्हंजे वरून पायलं तं जित्तं तेवढं लाल दिसते?"
हाओ, म्हटलं.
इतक्या वर्षांत मला कुणी
इतक्या थोडक्यात शिकवलं नव्हतं.

अध्यक्ष वाट पाहताहेत.

सदाशिव मारबतेला कोणत्या रकान्यात लिहू?
ढिवर सोसायटीचा सेक्रेटरी, पायात रबरी चप्पल,
तीन बस बदलून अमरावती रोडवर आमच्या गेटशी आलेला.
त्यांच्या मालगुजारी तलावात आता प्लॉट पडलेत,
सिमेंटचे खुंट, चुन्याच्या रेषा,
आणि कागद म्हणतो, इथं पाणी कधी नव्हतंच, जागा पडीक.
"मंग आमी मासोळ्या का पडीतात पकडल्या, बाई?
त्या सालचं पाणी तुमच्यात दिसते का, तेवढं पाहा."

दिसलं.
सत्त्याण्णवचा नोव्हेंबर. काळंशार, चिंचेच्या बुटुकासारखं वाकडं,
तेवीस मीटरच्या चौकोनांनी काठ कुरतडल्यासारखा.
ज्या दिवशी ते टिपलं त्या दिवशी कुणी मागितलं नव्हतं.
पूर नव्हता, बातमी नव्हती. तलाव भरलेला होता, एवढंच.
सदाशिवने काचेवर बोट टेकवलं.
"इथं माह्या बापाचा डोंगा राहे."
मी कागदाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.
तक्त्यात तेही नाही.

हे सगळं मला हिंदीतून सांगायचंय, दोन मिनिटांत:
की साहेब, जिथं काही घडत नाही
तिथलं चित्र कोण मागवणार?
आणि घडून गेल्यावर
आदल्या दिवसाचं कोण विकणार?

तोंडातून निघतं एवढंच, "आज एक. कधी शून्य."
लघुलेखक खाली मान घालून लिहितो. शून्य.
पुढचं वाक्य जुळवते तोवर दार उघडून चहा येतो,
तर्री-पोहे येतात, लिंबाच्या फोडी इकडून तिकडे जातात.

घड्याळात साडेदहा.
आज चोविसावा दिवस, मला तोंडपाठ आहे.
आत्ता तो वरून जातोय, कुणाला न विचारता,
कोराडीची राख, फुटाळ्याचं पाणी,
नाग नदीची काळपट, उसवलेली शिवण,
रविभवनाचे कडुलिंब, लाल,
त्यांच्यामध्ये एक निळसर करडा ठिपका म्हणजे हे छप्पर,
आणि छपराखाली आम्ही नऊ माणसं.
आम्ही मात्र कोणत्याच चित्रात येणार नाही.

अध्यक्ष कप खाली ठेवतात.
"हं, बाई. तुम्ही काही सांगत होतात."

माइक पुन्हा खाकरतो.