चौथा आठवडा

नोव्हेंबरात लीलोनं फ्रिजवर एक कागद चिकटवला
आणि विल्यान्दीतल्या आमच्या दोन खोल्यांत
तिसरा माणूस राहायला आला.
तो पहाटे पावणेपाचला उठतो.
रविवारी त्याला पाहुणे चालत नाहीत.
माझी खारवलेली मासळी त्यानं खालच्या कप्प्यात ढकलली
आणि वर बीट, दही, उकडलेले बटाटे मांडले,
जणू हे घर त्याच्या बापाचं.

ती एकोणपन्नासची. पोस्टात टपाल निवडते.
पहिल्या दिवशी तरणतलावात चार फेऱ्यांत दम संपला.
म्हणाली, "उर्मास, पोहले कसली, पाणी प्यायले."
ऑगस्टात टालिनला तिला जवळजवळ चार किलोमीटर पोहायचंय,
मग एकशे ऐंशी सायकल,
मग मॅरेथॉन.
ते "मग" ती असं म्हणते
जसं सूप झालं, मग पाव.

मी पियानो सुरात लावतो.
वर्षानुवर्षं उतरत गेलेली तार
एका दमात वर ओढली तर तुटते.
(गालावर खूण आहे. शाळेचा पियानो, घाईचा मुख्याध्यापक.)
थोडी चढवायची, सोडून द्यायची,
लाकडाला कळायला वेळ द्यायचा.
ती पुन्हा उतरते. उतरणारच.
हे मी लीलोला कधी सांगितलं नाही,
कागदाला मात्र आधीच ठाऊक होतं:
तीन आठवडे चढ, चौथा उतार.
आणि तो चौथाच तिला पेलत नाही.
सोफ्यावर बसून स्वतःच्या पायांकडे बघत राहते,
बस चुकलेल्या माणसानं रस्त्याकडे बघावं तशी.

फेब्रुवारीत गुडघा बोलू लागला.
बाहेर उणे अठरा,
लाकडांच्या खोपीत सायकल जागच्या जागी धावतेय,
खिडकीवर आतून बर्फ:
तिचाच श्वास, गोठलेला.
मंगळवारचा गायनवृंद सुटला.
वीस वर्षं खालच्या पट्टीत उभी होती ती.
परवा तिथला पियानो लावायला गेलो,
तिच्या खुर्चीवर हेल्वेची पर्स.

जेवण नव्यानं शिकली.
भूक नसताना, दर वीस मिनिटांनी, सायकलवर,
एका हातानं, न थांबता चावायला.
गोड चिकट रसाचं पाकीट एकदा खिशातच फुटलं,
आठवडाभर माझ्या शर्टांना केळ्याचा वास.
पायाचं एक नख काळं पडून गळालं.
ते तिनं काडेपेटीत ठेवलंय.
का, ते मी विचारलेलं नाही.

का पळतेस, हे मात्र विचारलं होतं. एकदाच.
बुटाची नाडी बांधत म्हणाली, "बघू."

मेमध्ये तळ्यात उतरली, पाणी बारा अंश.
बाहेर आली तेव्हा ओठ जांभळे, जबडा लटलट,
आणि डोळ्यांत असं काही
की मी टॉवेल पुढे करायचं विसरलो.

आता जून. साडेआठला ती झोपते.
पडद्यामागे लख्ख उजेड, शेजारी गवत कापतायत.
मी तिचं मनगट धरतो.
नोव्हेंबरात बहात्तर होते ठोके,
आता एकोणपन्नास. वयाइतके.
दोन ठोक्यांच्या मधली जागा रुंद झालीय.
त्या जागेत मी उभा राहतो,
स्वरकाटा विझत विझत जातो तसा कान लावून,
आणि दर वेळी, अगदी दर वेळी,
पुढचा येईल ना, असं वाटतं.
येतो.

काल माझे मोजले.
ताम्मे बाईंच्या घरी, तीन मजले चढून,
अवजारांची पेटी हातात, दाराबाहेर.
एकशे चौदा.
घंटी वाजवायच्या आधी बराच वेळ
मी जिन्यातल्या सायकलींकडे बघत उभा होतो.
घरी हे बोललो नाही.
मासळी आहे तिथंच राहू दे, खालच्या कप्प्यात.