अधिशोषण

माड नावाचं गाव. नारळाशी संबंध नाही.
हंगेरीच्या ईशान्येला, द्राक्षमळ्यांच्या खाली
पांढुरका, हलका दगड निघतो इथे:
जुन्या ज्वालामुखीची राख, पाण्यात मुरून मुरून
आतून जाळी झालेली.

एमोके पहाटे पाचला कॉलमपाशी.
पुरुषभर उंचीची काचेची नळी, तीत तोच दगड,
आम्लाने धुतलेला, भट्टीत भाजलेला, कण्यांएवढा.
वरून आंबलेला पिवळट रस
थेंब थेंब.

पीएच आधी खाली आणायचा.
आम्लाने हातचा हायड्रोजन सोडता कामा नये,
अखंड असेल तरच ते आत शिरतं.
साखर अंगाने थोराड. दाराशीच अडते,
वाहून जाते.
गोड आहे म्हणून काय झालं?

ब्युटिरिक आम्ल. वास खवट लोण्याचा,
कालच्या मोज्यांचा.
साबणाला दाद देत नाही.

वडील, बॉर्नाबाश, याच दगडाच्या खाणीत एकवीस वर्षं.
दगडाला छिद्रं असतात, इतकी बारीक की
रेणू मोजूनमापून आत घेतात,
हे तिने त्यांना सांगितलं तेव्हा
खोकत खोकत हसले.
"मला काय सांगतेस?
मी त्याच्यात राहिलो, आता तो माझ्यात राहतो."

माझ्या भाषेत एका उपसर्गाचा फरक.
शोषण म्हणजे पिऊन टाकणं,
स्पंजासारखं, नाहीतर मालकासारखं.
आणि हे नुसतं भिंतीला धरून राहणं,
एकजीव न होता,
गरम अल्कोहोल आलं की सोडून देणं.

निदान पुस्तकात तसं आहे.

नऊ वीसला खालच्या थेंबात आम्ल दिसलं.
कॉलम भरला. तिने पंप थांबवला,
अल्कोहोल तापवलं, धुतलं,
जे उतरलं ते बाटलीत घेतलं, तोललं.
सातवी फेरी. तीन टक्के कमी.
पुन्हा तोललं. तेवढंच.
काहीतरी आत राहतंच.
'कारण' या रकान्यावर पेन टेकवलं
आणि उचललं.

दुपारच्या बसमध्ये शेजारच्या बाईने
नाक मुरडून खिडकी उघडली.
बाहेर मळे, मळ्यांमागे खाणीचा पांढरा खांदा.

वळणावर एमोके खोकली.

बाईने मान वळवून पाहिलं, जरा वेळ पाहिलं,
आणि खिडकी परत लावली.
"बॉर्नाबाशची ना तू?"