अडतिसावा

हेरॉन्स लँडिंगमध्ये बगळा कधी उतरला नाही.
मक्याचं शेत सपाट करून बिल्डरनं एकशेबारा घरं मांडली,
मध्ये खड्डा खणला, पाणी सोडलं,
आणि पाटी लावली. ओमाहापासून पंचवीस मिनिटं.

मी इथली चिटणीस.
निवडून आले म्हणणं बरोबर नाही;
कोण तयार आहे विचारलं तेव्हा
मी जांभई द्यायला तोंड उघडलं होतं.

महिन्याला एक पान काढते.
सत्तेचाळीस नंबरची टपालपेटी
पुन्हा कुणीतरी गाडी मागे घेताना पाडली.
कचऱ्याचे डबे मंगळवारी अंधार पडल्यावरच बाहेर.
तळ्याकाठी पिवळा मोजा सापडला, लहान मुलाचा,
एकच, माझ्याकडे आहे.
दाराच्या मुठींना पानं अडकवत फिरते
आणि पुढच्या महिन्यात तीच,
ऊन खाऊन पांढरी पडलेली, काढून घेते.

ऑक्टोबरात वार्षिक सभा, लुथरन चर्चच्या तळघरात.
घडीच्या खुर्च्या साठ मांडल्या. आशा, दुसरं काय.
कोरम अडतीस.
कारंज्याचा पंप जूनपासून बंद, पाण्यावर हिरवी साय.
ठराव : घरटी पंच्याऐंशी डॉलर, नवा पंप.
सूचक : नेडीन हावलिचेक.
अनुमोदकाची जागा रिकामी.

आले तेवीस. मुखत्यारपत्रं पंधरा.
व्हर्लिननं दोनदा मोजून लाकडी हातोडा उचलला
तेव्हा मला म्हणावं लागलं, थांबा.
पंधरावं पत्र ड्वाइट कोल्टरमनचं होतं.
सही तीन तारखेची.
नऊ तारखेला आम्ही सगळे
टोप्या हातात घेऊन, वाऱ्यात,
त्याच्या खड्ड्याभोवती उभे होतो.

उपविधींचं पुस्तक काढलं.
कुंपणाच्या उंचीवर चार पानं,
मरणावर अक्षर नाही.
"सही तर जिवंतपणीच केलीय," खजिनदार.
"मग पैसे कुणाकडून घेणार?" मागून कुणीतरी.
न्याकिम, ड्युटीवरून तशीच आलेली, निळ्या कपड्यांत,
म्हणाली, माणूस गेला तरी आमच्याकडे
मनगटावरची पट्टी लगेच कापत नाहीत.
नाव थोडा वेळ राहतं.
याचं काय करायचं ते कुणालाच कळेना.

मी पत्र वाचून दाखवलं. पेन्सिलीनं, तिरपं :
पंपाला होय. कल्पना नेडीनची असली तरी.

हसू फुटलं आणि मध्येच थांबलं,
कारण नेडीन हसत नव्हती.
अकरा वर्षांचा त्या दोघांचा कुंपणाचा तंटा
माझ्या फायलीत तीन बोटं जाड आहे.
ती होय म्हणाली की तो नाही म्हणायचा,
सभा तेवढ्याचसाठी भरते असं आम्हाला वाटायचं.
ती उठली, पर्स पोटाशी धरून.
"तो आलेला नाही," म्हणाली. "येणार नाही.
गैरहजर लावा."

सदतीस.
सभा तहकूब.

खुर्च्या मिटायला एवढा वेळ कधी लागला नव्हता.
मग कुणीतरी म्हणालं, पंप उघडून तरी बघू,
आणि फोनचे दिवे घेऊन सगळे तळ्याकाठी.
व्हर्लिन, सत्तरीचा, मांडीपर्यंत पाण्यात,
चर्चमध्ये गिळलेल्या शिव्या आता मोकळ्या करत.
जाळीतून निघाला दुसरा पिवळा मोजा.
न्याकिमनं तो ओळखला, पिळला, खिशात घातला.
पंप काही चालला नाही. मोटर जळली होती.

नोव्हेंबरचं पान :
कोरमअभावी सभा झाली नाही. पुढची चोवीस तारखेला.
मोज्यांचा मालक मिळाला.
कॉफीचा थर्मास कुणाचा राहिला असेल तर सांगा.

घरोघर अडकवत निघाले.
ड्वाइटच्या दाराशी जुनं पान काढायला हात घातला,
तर मूठ रिकामी.
कुणीतरी आधीच नेलं होतं.
कुंपणापलीकडे नेडीनच्या स्वयंपाकघरात दिवा होता.
मी तिथं नवं अडकवलं
आणि पुढच्या घराकडे वळले.