बिल्ड पुसताना

अंबडला खालच्या शेडमध्ये वीजमीटर बनतात,
त्यांच्या पोटातला प्रोग्राम वर, आमच्या टेबलावर.
माझ्या येण्याआधीपासून सगळं एकाच फोल्डरात:
लिहिलेली फाइल, आणि तिच्या मांडीला मांडी लावून
तिच्यातूनच निघालेली फाइल,
मग ‘फायनल’, ‘फायनल दोन’, ‘हीच घ्या’.
निवडायचे तांदूळ आणि खरकटी ताटं
एकाच ओट्यावर.

एका शनिवारी, खाली मशिनं बंद असताना,
मी वाटणी करून टाकली.
हाताने लिहिलेलं सोर्समध्ये.
यंत्राने काढलेलं बिल्डमध्ये, आतल्या खोल्या मात्र तशाच,
मीटरसमोर मीटर, डिस्प्लेसमोर डिस्प्ले.
मेकफाइलला बजावलं: इथून उचल, तिथे ठेव,
खोली नसेल तर आधी बांध.
आणि बिल्ड केव्हाही पुसता आलं पाहिजे.

म्हणून पुसलं.

परत बांधायला घेतलं तर लिंकर अडून बसला.
एक तक्ता सापडेना.
अठ्ठेचाळीस आकडे. नाव यंत्राने ठेवल्यासारखं,
म्हणून मी त्याला यंत्राचा समजले.
बॅकअप? बिल्डचा बॅकअप कोण घेतं.

जेलरोडला गायधनी सरांना फोन लावला.
रिटायर होऊन चार वर्षं झालेली,
नळाला पाणी आलं होतं, टाकी भरत होते.
‘तो होय,’ म्हणाले, ‘तो कुठल्या प्रोग्रामने नाही काढला.
मे महिन्यात, रात्रपाळीला,
एकेक मीटर ओव्हनमध्ये तापवून
मी वाचलेत ते आकडे.
समोर जो फोल्डर उघडा होता, त्यात टाकले.’

मी गप्प.
तिकडे टाकी वाहायला लागलेली.
‘डायरी असेल कुठेतरी. थांब.’

रविवारी पानाचा फोटो आला.
सत्तेचाळीस आकडे खणखणीत,
शेवटच्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ.

तो एक मी सोमवारी मोजला.
खालच्या बोरस्त्यांनी ओव्हन दिला,
बसायला स्टूल दिलं,
पंचावन्न अंशांवर काटा टिकेपर्यंत
त्यांच्या मुलीच्या बारावीचं सांगत राहिले.
दोन तास. एक आकडा.

आता रोज निघताना बिल्ड पुसते.
एंटरवर बोट अजून जरा रेंगाळतं.
तक्ता सोर्समध्ये आहे, अगदी वरच्या ओळीत कॉमेंट:
मोजले – गायधनी ४७, मी १.