पहिली चाळीस सेकंदं

नारिनमध्ये पहाटे उणे एकोणतीस.
किल्ली फिरवली की आधी एक लांबलेलं कण्हणं,
मग टक टक टक टक,
शिवणयंत्राची सुई पत्र्यावर पडावी तसं.
चाळीस मोजेपर्यंत.
मग काहीच नाही.

गॅरेजच्या दारात ही म्हातारी ऑडी
इतकी गुणाची की माझीच मला लाज वाटते.
सोवेतबेक बॉनेटखाली वाकतो, सरळ होतो.
"आयझादा, आवाज गाडीत नाही, तुझ्या कानात आहे."

शेजारचा एर्मेक म्हणाला, टॅपेट.
थंडीत तेल घट्ट होतं, वर चढायला आळस करतं.
त्याचा मेहुणा म्हणाला, पट्टा, विकून टाक,
आणि लगेच किंमतही सांगितली.
सासूबाईंनी खिडकीतूनच ऐकलं:
"तुझ्या सासऱ्यांची कवळी अशीच वाजायची."

मग मी फोन इंजिनापाशी धरला,
चाळीस सेकंदं टिपली
आणि नोवोसिबिर्स्कला कुबातला पाठवली.
तो तिथे क्रेन चालवतो, त्याला यंत्रांचं कळतं.
रात्री उत्तर आलं:
तीनदा ऐकलं. इंजिनाचं इथून सांगता येत नाही.
अकराव्या सेकंदाला खोकलंय कोण, तू?
कधीपासून?

मी लिहिलं, थंड हवेचा आहे.
थोड्या वेळाने थांबतो.

गुरुवारी गाडी सोवेतबेककडेच मुक्कामाला ठेवली.
पहाटे गेले तर तो माझ्याआधी हजर,
पापण्यांवर बर्फ, हातात हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर.
डावा कान त्याने रणगाड्यात घालवला, सैन्यात असताना.
उजव्यावर त्याचा विश्वास नाही.
दांडा कानामागच्या हाडाला लावून
त्याने टोक एकेका जागी टेकवलं,
डोळे मिटून कानोसा घेतला.
"वर सगळं ठीक."
मी मोजत होते. अठरा. एकोणीस.
त्याने सिगारेट पेटवली.
मला वाटलं, हरला.

पण सिगारेट त्याने तोंडात धरलीच नाही,
खाली नेली, एग्झॉस्टच्या बिडाच्या नळ्यांपाशी.
सरळ चढणारा धूर तिसऱ्या नळीजवळ
टकटकीच्या तालावर दचकत होता.
सत्तावीस. अठ्ठावीस.
"बघ, केसाएवढी भेग.
तापलं की बीड फुगतं, तोंड मिटतं."
बत्तिसाव्याला धूर निवांत वर गेला
आणि राहिलेली सिगारेट त्याने ओढून टाकली.

नवी नळी बिश्केकहून येईल,
खिंड उघडली तर मंगळवारी.
तोवर शाळेत पायी जाते.
घरातून निघाल्यावर पहिली चाळीस पावलं
तोंडावर शाल दाबून धरते,
आणि मोजते.